आउटबॉक्समधली मामी

मामांनी तक्रार-निवारण खात्यात उभी हयात काढली. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त टेबलाची बाजू बदलली. रोज संध्याकाळी चहा झाला की ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि पाणी खातं, वीज खातं, सोसायटीचे सचिव, ज्याची पाळी असेल त्याला ईमेलमधून सोलून काढत. उत्तरं मात्र मोठ्या अदबीची येत. "लेखणीला धार लागते!" मामा मामींना ऐकवत. मामी मान डोलावत.

मागच्या आठवड्यात पाहुण्यांदेखत मामा म्हणाले, "तू दिवसभर घरात करतेस तरी काय?" मामींनी पाहुण्यांना चहा दिला, कप विसळले, बॅग भरली आणि थोरल्या बहिणीचं घर गाठलं. बहीण एकटी. 'आता इथेच राहा' हे तिचं पालुपद जुनंच होतं.

मामांनी मेल केला. उत्तर नाही. आणखी एक केला. तेच. मामींना फोन करणं म्हणजे शरणागती, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाचीला फोन केला.

"तुझी मामी उत्तर देत नाही. मशीन बघून जा."

"मामा, मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, संसार नाही," भाची म्हणाली. पण आली.

इंटरनेट चालू होतं. पासवर्ड बरोबर होता. मग तिची नजर स्क्रीनवर मेलच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात गेली.

"अरे, हा प्रोग्राम ऑफलाइन करून ठेवलाय. असा ठेवला की ना काही जात, ना काही येत. तुझे सगळे मेल आउटबॉक्समध्ये तुंबलेत."

"मी कशाला हात लावीन त्याला? इतके दिवस जात होते की!"

भाचीने गेलेल्या मेलांचा कप्पा उघडला. सगळे सकाळचे, मामांच्या आंघोळीच्या वेळेचे. मामा चष्मा लावून वाचू लागले.

"'आदरणीय महोदय, आपल्या अडचणी आम्ही समजू शकतो...' हे मी लिहिलंच नाही! मी 'अहो झोपाळू' म्हटलं होतं!"

"पण नळ दुरुस्त झाला ना?"

मामा एकेक मेल उघडत गेले. रात्रभर त्यांचे मेल निवत ठेवायचे, सकाळी त्यातलं विष काढायचं, जोडणी सुरू करून ते पाठवायचे, आलेली उत्तरं उतरवून घ्यायची आणि जोडणी पुन्हा बंद करायची. मामी दिवसभर घरात काय करतात, त्यातलं निदान एक काम कळलं.

"करू चालू?" भाचीने विचारलं.

"कर. नाही, थांब!" मामांनी तिचा हात धरला. आउटबॉक्समध्ये मामींच्या नावावरचा पहिला मेल होता, 'खुशाल राहा तिकडेच.' तो त्यांनी स्वतः पुसला. मग सचिवांचा, मग वीज खात्याचा. उरला मामींना लिहिलेला दुसरा. भाचीने तो मोठ्याने वाचला.

"'आपल्या गैरहजेरीमुळे पुढील गैरसोयी उद्भवल्या असून त्वरित परतावे.' मामा, ही माफी आहे की नोटीस?"

"मला एवढंच येतं गं," मामा हळूच म्हणाले. तोही पुसला.

आउटबॉक्स रिकामा झाल्यावर भाचीने जोडणी सुरू केली. मामींचे मेल एकामागून एक उतरले. पहिल्यात जोडणी कुठे दाबून सुरू करायची ते सविस्तर लिहिलं होतं. शेवटचा आज सकाळचा होता. 'ताई माझ्यासाठी खोली रंगवून घेतेय. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय तिला. तुमचं काहीच कळत नाही.'

"आता तरी नीट लिही," भाची म्हणाली.

"नको. मी लिहिलेलं निस्तरायला ती इथे नाहीये." मामांनी फोन उचलला. पलीकडून 'हॅलो' आलं तसे ते उठून उभे राहिले.

"मी बोलतोय. चुकलंच माझं... नाही, भाचीने नाही पढवलं... हो, इथेच बसलीय, दात काढतेय. ऐक ना, ताईंना म्हणावं, रंग थांबवा... उद्या नको. आज ये. मी घ्यायला येतो."

मग त्यांनी बराच वेळ फक्त ऐकून घेतलं. भाचीने त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवल्या.