सगळ्यात मागची सायकल

अपर्णाने बँकेतली नोकरी सोडली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी तिचे वडील धर्मपाल चारचौघांत "पोट्टी बँकेत आहे" असंच सांगत होते. दुसरं काय सांगणार? पोट्टी रविवारी लोकांना जंगलात सायकलवर फिरवते, असं? रेल्वेच्या यार्डात सारी हयात शंटिंग मास्टर म्हणून काढलेल्या माणसाच्या जिभेवर ते येत नव्हतं. त्यांच्या हातातला हिरवा झेंडा हलल्याशिवाय इंजिन हलत नसे. सेवानिवृत्तीनंतर समता कॉलनीत छोटं घर घेतलं, सकाळी भाजीला जायचं तरी ताठ मानेने जायचं, आणि घरात शब्द आपलाच चालला पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

त्या शनिवारी संध्याकाळी अपर्णा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझ्या जोडीच्या यशदीपले ताप आला. उद्या शेवटी चालायला माणूस नाही. तुम्ही येता का?"

"शेवटी म्हणजे?"

"सगळ्यांच्या मागे. कोणी सुटलं नाही पाहिजे. तुमच्याइतकी सवय कोणाले आहे? रोज यार्डात सायकलनंच तर जात होते."

"मी काहून मागे चालू?" धर्मपाल म्हणाले. पण आतून त्यांच्या बायकोचा, मीराबाईचा आवाज आला, "जा न! घरी बसून पेपरच तर वाचून राहिले." आणि मीराबाईने असं म्हटल्यावर त्या घरात पुढे फारसं बोलणं होत नसे.

रविवारी अभनपूर मागे टाकून गाडी दक्षिणेकडे निघाली तेव्हा अजून झुंजुमुंजू होतं. गाडीच्या टपावर सायकली बांधलेल्या. अभयारण्याच्या नाक्यावर सगळे उतरले. तिथून पुढे मोटारगाडीला बंदी. फक्त लाल मुरमाची वाट, सालवृक्षांतून आत गेलेली. अपर्णाने दिलेली सायकल बघून धर्मपाल जरा बिचकले. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर जाड आणि दातेरी. पण बसून दोन पायडल मारले आणि त्यांच्या लक्षात आलं, ही गिट्टीवरूनही डांबरी रस्त्यासारखी पळते. पायांना जुनी लय सापडली. हॉर्न नाही, ट्रक नाही, धूर नाही. टायरखाली मुरूम कुरकुर वाजत होता आणि कुठेतरी वर कोतवाल पक्षी ओरडत होता. "अरे वा," ते स्वतःशीच म्हणाले. तोंडभर हसूही आलं, पण बघायला मागे कोणी नव्हतं.

त्यांच्या पुढेच प्रफुल्ल नावाचे एक गृहस्थ होते, शंकर नगरचे, टाइल्सचं मोठं दुकान असलेले. नवी कोरी सायकल, डोक्यावर कॅमेरा. ते दर वळणावर थांबत, फोटो काढत आणि मग मागे राहिल्याची तक्रार करत. धर्मपाल गुमान त्यांच्या मागे थांबत.

ऊन तापायला लागलं तसा मोहाच्या फुलांचा गोड वास वाटेवर उतरला. एका वळणापलीकडे पुढच्या सायकली एकदम थांबलेल्या दिसल्या. अपर्णा सगळ्यांच्या पुढे, एक पाय जमिनीवर, थांबा म्हणून मूठ वर केलेली. काहीतरी बिघडलं असेल, पोट्टीला हात द्यावा, म्हणून धर्मपाल सायकल टेकवून रांगेच्या कडेने पुढे गेले.

आणि मग त्यांना ती दिसली. वाटेच्या ऐन मध्ये, मोहाच्या झाडाखाली, अस्वलीण. काळीकुट्ट, केस विस्कटलेले, खाली पडलेली फुलं चटाचटा खात होती. पाठीवर दोन पिल्लं, केसांना घट्ट धरून बसलेली. रेल्वेच्या दोन डब्यांइतकंही अंतर नव्हतं.

अशा दिवसांत मोह वेचायला गेलेल्या बायकांवर अस्वलं कशी धावून येतात, हे धर्मपालांनी यार्डातल्या गावाकडच्या गँगमनांकडून ऐकलं होतं. पोट्टी आणि ते जनावर यांच्यामध्ये आपण उभं राहायला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी पाऊल टाकलं. बुटाखाली गिट्टी कर्रकन वाजली.

अस्वलिणीने खाणं थांबवलं. मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नाक वर करून हुंगू लागली.

"बाबा, जागेवर."

अपर्णाने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त हाताचा पंजा त्यांच्या दिशेने केला. आवाज चढलेला नव्हता, पण त्या दोन शब्दांपुढे पाय उचलायची धर्मपालांची टाप नव्हती. ते जागच्या जागी थिजले. हाताच्या इशाऱ्यावर माणूस कसा थांबतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. थांबणारे आपण असू, असं कधी वाटलं नव्हतं.

बाजूला प्रफुल्लही सायकलसकट येऊन पोचले होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि हळूच पुढे सरकले.

"भैया, फोन अंदर," अपर्णा पुटपुटली.

"दीदी, बस एक फोटो..."

अपर्णाने त्यांच्या सायकलचं हँडल धरलं. "आप मेरे भरोसे आए हो. इसके बच्चे हैं साथ में. एक कदम भी नहीं."

प्रफुल्लांचा फोन खाली आला. मग अपर्णाच्या इशाऱ्यासरशी सगळे एक एक पाऊल मागे सरकू लागले, सायकली पुढ्यात धरून, तोंड अस्वलिणीकडे ठेवून. कोणी धावलं नाही, कोणाची घंटी वाजली नाही. अपर्णा सगळ्यांत शेवटी, म्हणजे अस्वलिणीच्या सगळ्यांत जवळ. धर्मपाल तिच्या पाठीकडे बघत होते. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरत होता, पण खांदे ताठ होते.

अस्वलीण चार पायांवर आली, पिल्लं सावरली आणि डुलत डुलत नाल्यात उतरून झुडपात दिसेनाशी झाली.

"गई! चलो अब," प्रफुल्ल म्हणाले. "आगे तो तालाब है ना, वहीं फोटो लेंगे."

"नहीं भैया. वो उसी तरफ गई है. हम वापस मुड़ेंगे, टेकरीवाले रास्ते से जाएँगे."

"अरे, इतनी चढ़ाई! तालाब के लिए तो आए थे!" प्रफुल्ल तणतणत धर्मपालांकडे वळले. "अंकल, आप तो घर के आदमी हो. आप समझाओ ना इसको. आपकी बात तो सुनेगी."

सगळे धर्मपालांकडे बघू लागले. अपर्णाही. तिच्या डोळ्यांत क्षणभर ती जुनी धास्ती दिसली, नोकरी सोडल्याचं सांगायला आली होती त्या दिवशीची.

धर्मपालांनी आपली सायकल वळवली.

"मैं तो पीछे वाला आदमी हूँ साहब," ते म्हणाले. "यहाँ दीदी का हुकुम चलता है."

टेकरीची चढण छातीवर आली. धर्मपालांना दोनदा उतरून ढकलत चालावं लागलं. पण प्रफुल्लांना त्यांनी एकटं सोडलं नाही. "बस साहब, ये मोड़ और," करत करत वर आणलं. माथ्यावर सगळं जंगल खाली पसरलेलं दिसलं, सालाच्या कोवळ्या पालवीने हिरवंगार. प्रफुल्ल जमिनीवर बसकण मारून धापा टाकत म्हणाले, "दीदी, तालाब से तो ये अच्छा है." आणि पहिल्यांदा फोटो न काढता नुसतेच बघत बसले.

अपर्णा एका दगडावर बसली होती. धर्मपाल जवळ गेले तेव्हा तिने पाण्याची अख्खी बाटली घटाघटा संपवली.

"भेव वाटलं का?"

"खूप वाटलं, बाबा. तुम्ही पुढे आले तेव्हा तं जास्तच."

"मग आवाजात दिसलं काहून नाही?"

"दिसलं असतं तं सगळे पळाले असते."

धर्मपालांनी उगाच चष्मा काढून पुसला, परत लावला. मग बाजूला जाऊन मीराबाईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. अस्वलीण, पिल्लं, फोन, टेकरी. "आणि ऐक न, मले म्हणे, बाबा, जागेवर! मले! अन् मी उभा! काय कडक पोट्टी आहे आपली, मीरा, तुले काय सांगू!"

"मले काय सांगता," पलीकडून मीराबाई म्हणाली, "मी तं दोन वर्षांपासून तुम्हाले तेच सांगून राहिली."

तिकडे अपर्णाने शिटी वाजवली. सगळे उठले, हेल्मेटचे पट्टे लागले, सायकली एकामागून एक उतारावर निघाल्या. धर्मपालांनी शेवटचा माणूस पुढे जाऊ दिला, मग ब्रेक सोडले.