लाल पाटी

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत. मी संगणकात राहणारा एक छोटासा प्रोग्राम आहे आणि लोणावळ्याच्या एका बचाव गटाच्या वेबसाइटचं दार राखतो.

माझा जन्म तळेगाव दाभाड्यातला. गटातल्या प्रमोदिनीताईने मला लिहिलं. लोहगडावर कुणी वाट चुकलं किंवा घसरून पडलं, की पायथ्याच्या टपऱ्यांवरून या वेबसाइटवर निरोप येई. पण कुठले कुठले लोक गंमत म्हणून खोटे निरोप धाडू लागले. गटातली माणसं भर पावसात धावत जायची आणि हात हलवत परत यायची. म्हणून ताईने मला दाराशी बसवलं.

इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. गल्लीतल्या घरांचे नंबर ओळीने असतात, तसेच हे पत्तेही. टपऱ्यांवरच्या जोडण्यांचा पहिला आणि शेवटचा आकडा ताईने माझ्याजवळ ठेवला होता. आलेला पत्ता पहिल्याहून लहान नाही आणि शेवटच्याहून मोठा नाही, एवढंच मी तपासायचो. मध्ये बसला, की हिरवी पाटी: 'निरोप मिळाला.' नाही बसला, की लाल पाटी, म्हणजे निरोप नाकारला. लाल पाटीवरचं वाक्य मात्र इंग्रजीत राहिलं. ते परक्यांसाठीच आहे, असं ताईला वाटलं होतं.

लोहगडवाडीत झुंबरबाईंची चहा-भज्यांची टपरी होती. तिथे फोनला धड रेंज नसे, म्हणून गटाने त्यांना इंटरनेटची जोडणी आणि एक टॅब दिला होता. त्या टॅबमध्ये निरोप बोलून बटण दाबायच्या, मी दार उघडायचो. गट पोहोचेपर्यंत त्यांचे यजमान हनुमंतभाऊ पुढे निघायचे. धुक्यात हरवलेली कितीतरी मुलं त्यांनी हाताला धरून खाली आणली. "खोट्या निरोपांचा त्रास संपला बघा," असं गटाचे गंगाधर सर सगळ्यांना सांगायचे. मला फार बरं वाटायचं.

मग ताईला बंगळूरला नोकरी लागली. त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मी नीट चालतोय, मग बघायचं काय, असं सगळ्यांना वाटत असावं.

एका पावसाळ्यात इंटरनेट कंपनीने वाडीचे पत्ते बदलले. मला ते कुणी सांगितलं नाही. श्रावणातल्या एका रविवारी सकाळीच हनुमंतभाऊ चुकलेल्या दोघांना शोधायला गेले. ते दोघे दुसऱ्या वाटेने सुखरूप उतरले, भाऊ मात्र दुपारपर्यंत आले नाहीत. झुंबरबाईंनी बटण दाबलं. त्यांचा पत्ता माझ्याजवळच्या शेवटच्या आकड्याच्या जरासा पुढे होता. मी लाल पाटी दाखवली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. मग त्या थांबल्या.

संध्याकाळी टपरीवर हे ऐकून खाली मळवलीला रेंजमध्ये उतरलेल्या काही पर्यटकांनी फोन केला, तेव्हा गट निघाला. गडाच्या विंचूकाटा सोंडेच्या अंगाला भाऊ शेवाळावरून घसरून पडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं, तर वाचले असते.

दहाव्यानंतर प्रमोदिनीताई लॅपटॉप घेऊन वाडीत आली. "मावशी, लाल पाटी आल्यावर खाली का नाही गेलात?" तिने हळूच विचारलं.

"मला कुटं वाचता येतंय इंग्रजी?" झुंबरबाई म्हणाल्या. "येरवी हिरवी यायची. त्या दिशी लाल आली. मला वाटलं, संकट लय मोठं हाय म्हून लाल आली. आता येत्यालच सारी. म्हून बसून ऱ्हायले."

ताईने लॅपटॉप उघडला. मग तिने माझ्याजवळचे आकडे बदलले आणि लाल पाटीवर मराठीत लिहिलं: 'निरोप पोहोचला नाही. खाली माणूस पाठवा.'

"आधी आसं लिवलं आसतं, तर मी पळत गेले आसते," झुंबरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ताईला तेच सोसवलं नाही.

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. मला दिलेलं काम मी तंतोतंत करत होतो. दाराशी पहारा बसवलात, तर आपलंच माणूस बाहेर राहिलं नाही ना, हे अधूनमधून बघत जा. आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर त्याला समजेल अशा बोलीत म्हणा.

झुंबरबाईंनी टपरी पुन्हा उघडली आहे. धुकं उतरलं, की त्या टॅबमध्ये बोलून निरोप पाठवतात. मी दार उघडतो. निरोप दर वेळी एकच असतो: "आज वर कुनाला सोडू नगा. आता हितं शोधायला जानारं कुनी न्हाई."