अकरा ते तेराचा भोपळा

राजश्रीनं चौथी यादीही फाडली. मंडळाच्या ग्रुपवर सुनीतानं किती सहज लिहून टाकलं होतं, "हॅलोविनचे गेम्स राजश्री बघेल, वयोगटाप्रमाणे. पार्टी तिच्याच बॅकयार्डात." पाठोपाठ सतरा अंगठे. अंगठा द्यायला काय जातंय.

पाचच्या खालच्यांचं सोपं होतं. चादरीखाली कोण लपलंय ते ओळखायचं, झालं. सहा ते दहावाल्यांनी टॉयलेट पेपर गुंडाळून एकमेकांची ममी करायची. मोठ्यांसाठी, म्हणजे ज्यांना मिशा फुटल्यात आणि बोलायला होत नाही त्यांच्यासाठी, तिनं अंधारात चमकणाऱ्या कड्या मागवल्या होत्या. बाटलीवर नेम धरून टाकायच्या. हा खेळ तिनं अमेरिकेतल्या कुठल्याशा वेबसाइटवरून उचलला. तिकडे ऑक्टोबर म्हणजे पानगळ, लवकर काळोख. दक्षिण गोलार्धातल्या पापाकुऱ्यात ऑक्टोबर म्हणजे वसंत, घड्याळं पुढे केलेली आणि साडेसातपर्यंत लख्ख ऊन. इथे अकरा वर्षं काढून हे तिच्या ध्यानात कधी आलं, तर कड्यांचं पार्सल दारात पडल्यावर.

पण खरी अडचण कड्यांची नव्हतीच. खरी अडचण बारा वर्षांची होती आणि खोलीचं दार लावून बसली होती.

गेल्या वर्षी जुईच्या जोडीला सुरुची तरी होती. मग तिचे आईबाबा पामर्स्टन नॉर्थला गेले आणि अकरा ते तेरा या वयोगटात जुई एकटी उरली. लहानांत घातली तर अपमान, मोठ्यांत घातली तर ते फोनमधून मान वर काढत नाहीत. "आय ॲम नॉट प्लेइंग विथ बेबीज," असं तिनं आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. राजश्रीनं दाराबाहेर उभं राहून निरनिराळे खेळ सुचवले. आतून दर वेळी एकच उत्तर, "नो, मम."

बुधवारी मात्र जुई आपण होऊन स्वयंपाकघरात आली. "कॅन आय डू अ पम्पकिन? विथ अ रिअल नाइफ? ऑन माय ओन?"

सुरुची गेल्यापासून पोरीनं काही मागितलं नव्हतं. राजश्री लगेच दुकानात गेली. वसंतात केशरी भोपळे कुठले मिळायला. हिवाळाभर साठवलेले, राखाडी, दगडासारख्या सालीचे दोन मिळाले. आल्यावर तिनं नव्या यादीत ठळक लिहिलं, अकरा ते तेरा: भोपळा.

शनिवारी पाचला बॅकयार्ड भरलं. चादरीखालचं पोर चादरीतच झोपलं. ममीचा कागद वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या कुंपणावर नेला. कड्या उन्हात नुसत्या प्लास्टिकच्या दिसत होत्या, आणि एक उंच पोरगा म्हणाला, "आँटी, व्हॉट डझ इट डू?" राजश्री म्हणाली, "नथिंग." पण जुई बाहेर आली होती. टेबलावर भोपळा ठेवून, बाह्या सारून, सुरी उचलत होती.

"अगं अगं, ठेव ती," मंदाकिनीबाई खुर्चीतून उठल्या. साताऱ्याहून लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. "आख्खा भोपळा बाईमाणसानं चिरायचा नसतो. पुरुषाचा हात आधी लागला पाहिजे. मग काय ते तुकडे करा."

"आई, खेळ आहे हो तो."

"भोपळा खरा आहे ना?"

"तुमचा अभिनव पेनरोजच्या गोडाऊनमध्ये कामावर आहे, आठला सुटेल. तोवर पोरीनं काय करायचं, भोपळ्याकडे बघत बसायचं?"

"मी कुठे काय म्हणतेय. मी आपलं सांगितलं." मंदाकिनीबाई अशा बोलल्या की त्यापुढे कुणी काही करूच नये.

जुईनं सुरी टेबलावर ठेवली. ती घराकडे बघायला लागली. राजश्रीला ती नजर पाठ होती. आता दार लागणार, आणि ते कधी उघडेल देव जाणे.

"आण इकडे," म्हणत राजश्रीनं सुरी उचलली. मीच कापते, होऊन जाऊ दे. टोक सालीवर टेकवलं आणि तिचा हात थांबला. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं आख्खा भोपळा कापलाच नव्हता. माहेरी बाबा कापायचे, लग्नानंतर अभिनव कामावर जाता जाता सुरी खुपसून जायचा, आणि इथे ती नेहमी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अर्धाच आणत आली होती. का, ते कधी स्वतःला विचारलंही नव्हतं.

"मम? यू'व्ह नेव्हर डन इट?"

राजश्रीला स्वतःचा इतका राग आला की सासूबाईंचा यायचा राहून गेला.

"इकडे द्या," काशिनाथराव म्हणाले. राजश्रीचे सासरे, आबा, झाडाखाली शाल घेऊन बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या हाती कुणी भरला कपसुद्धा देत नसे. त्यांचा कोणताच वयोगट यादीत नव्हता. राजश्रीच्या डोक्यातही आला नव्हता.

जुईनं भोपळा त्यांच्या मांडीवर धरला. आबांनी थरथरत्या हातानं सुरी टेकवली. सालीवर ओरखडाही उठला नाही.

"झालं," आबा म्हणाले. "आता रेट तू."

"अहो, आत कुठे गेली?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"पुरुषाचा हात लागायचा होता ना? लागला. किती खोल ते तुझ्या आईनं कधी सांगितलं नव्हतं."

जुई फसकन हसली. भोपळा टेबलावर नेऊन तिनं दोन्ही हातांनी सुरी रेटली. ती बोटभर आत गेली आणि अडकली. ना पुढे, ना मागे. लहान पोरं धावत आली, ममी कागद ओढत आल्या, मिशांवाले फोन खिशात घालून "लेट मी ट्राय" म्हणायला लागले. "वेट युअर टर्न," जुईनं त्यांना सुनावलं. तिच्या यादीत सगळे वयोगट होते.

बाजूला राजश्री हातात बारा कड्या घेऊन उभी होती. तीन आठवडे डोकं फोडलं होतं तिनं.

पहिल्या भोपळ्याला तासाभरात दोन वाकडे डोळे आणि एक तोंड आलं. मंदाकिनीबाईंनी बिया वाटीत गोळा केल्या आणि गर उद्याच्या घारग्यांसाठी बाजूला काढला.

"दुसरा तू कर, मम," जुई म्हणाली. मराठीत.

"आबांना बोलवा आधी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आबा शालीत हनुवटी रुतवून गाढ झोपले होते. राजश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग ती झाडाखाली गेली, सुरीची मूठ आबांच्या झोपलेल्या बोटांना हलकेच टेकवली आणि परत आली.

मंदाकिनीबाई वाटीतल्या बिया निवडत होत्या. फार लक्ष देऊन निवडत होत्या.

जुईनं भोपळा दोन्ही बाजूंनी घट्ट धरला. राजश्रीनं सुरी खुपसली.