समेट म्हणजे

“आधी ते टेबल हलवा,” नागरत्नाबाई कन्नडमध्ये म्हणाल्या आणि दोघांनी मंचावरचं टेबल उचलून विंगेत नेलं. आता तिथं फक्त चार रिकाम्या खुर्च्या उरल्या, आणि त्यांच्यापाशी उभी असलेली अलका.

दहा मिनिटांपूर्वी ती सभागृहात सातव्या रांगेत बसली होती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महिला समुपदेशन केंद्राच्या एका खोलीत, बावीस वर्षं ती भांडणारी घरं समोर बसवून त्यांना बोलतं करत आली होती. एकटीच. तेच काम दुसरं कुणी करताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. म्हैसूरच्या या परिषदेला कुटुंबांवर काम करणारी तीनशे माणसं आली होती. पहिल्या दिवशी चहाच्या रांगेत उभी असताना, ही सगळी आपल्याच कामातली, या नुसत्या विचारानं तिला भरून आलं होतं.

त्यात आज सकाळपासून या कामात आयुष्य घालवलेल्या नागरत्नाबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, अंगावर सुती साडी, पायात कापडी बूट. त्यांनी एका बाप-लेकाची बैठक घेऊन दाखवली. भूमिका करणारे परिषदेलाच आलेले दोघे होते. बापाला त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. एवढी शांतता अलकानं आपल्या खोलीत कधी टिकू दिली नव्हती. ती लगेच काहीतरी बोलून टाकायची. इथं त्या शांततेत बाप झालेला दाढीवाला डॉक्टर खराखुरा रडायला लागला. अलका खुर्चीत पुढं सरकली. असंही असतं हे काम! मग ‘तुमच्या मनातून न गेलेलं एखादं कुटुंब कोण सांगेल?’ असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिचा हात आपोआप वर गेला.

“तुम्ही मराठीतच बोला अक्का, मी हाय,” शेजारी उभी असलेली सहाना म्हणाली. ही म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यातली मुलगी मानसशास्त्र शिकत होती. तिचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते. मराठी घरात टिकली होती, पण घरापुरतीच. अलकाला इथलं कन्नड-इंग्रजी समजावून सांगायचं काम तिच्याकडं दिलं होतं.

अलकानं खुर्च्या मांडल्या. ही नवऱ्याची. ही सासूची. ही ताराची, जरा मागं. आणि ही माझी.

“तारा तेवीस वर्षांची होती. नवरा मारायचा, म्हणून माहेरी आलेली. मी तीन बैठका घेतल्या. पुन्हा हात उचलणार नाही, असं नवऱ्यानं लिहून दिलं. आणि मी समेट घडवून आणला.”

वाक्यामागून वाक्य कन्नडमध्ये सांगत आलेली सहाना इथं अडली.

“अय्यो, हा शब्द मला गोत्तिल्ला, ठाऊक न्हाई. समेट म्हणजे?”

“म्हणजे... मिटवलं. दोघांचं परत जुळवलं.”

“जुळवलं म्हणजे काय केलात?”

“दोघं पुन्हा एकत्र राहायला लागली.”

“कुठं?”

“घरी. सासरी.”

“तो तर तिथंच होता की.”

“हो.”

“सासूबी तिथंच?”

“हो.”

“मग ती एकटीच गेली, अल्वा? व्हय ना?” सहाना नुसता शब्द शोधत होती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. “तेला समेट म्हणतेत काय?”

 बाहेरच्या दालनात अलकाच्या कामाचा तक्ता लावलेला होता : सहाशे अकरा समेट. त्या आकड्यावरच तिची या परिषदेसाठी निवड झाली होती. एवढ्या वेळा हा शब्द फायलींवर लिहिला, पण त्याचा अर्थ तिला कुणी विचारला नव्हता.

सहाना माईकमध्ये लहानसं एक वाक्य बोलली. काय बोलली ते अलकाला न सांगताच कळलं. ‘ती परत गेली,’ एवढंच.

“नंतर?” नागरत्नाबाईंनी विचारलं.

“दोन वर्षांनी बसस्टँडवर भेटली. एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं तिला. मला म्हणाली, मॅडम, या बाजूला या. आणि वाकून नमस्कार केला मला.”

बाईंनी मागच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “तिची खुर्ची उचला. ती जिथं गेली तिथं ठेवा.”

अलकानं खुर्ची उचलली. नवऱ्याच्या शेजारी न्यावी, की सासूच्या? दोन पावलं इकडं गेली, दोन तिकडं. कुठंच ठेववेना. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची, पण तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तेव्हा नागरत्नाबाई सावकाश चालत आल्या आणि खुर्चीची दुसरी बाजू धरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी धीर दिला नाही, समजावलं नाही. हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. ते मराठीत सांगायला सहाना अलकाच्या जवळ सरकली.

“म्हणतेत, मीबी अशा बाया परत पाठवल्यात. पण चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं.”

 सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतली नावाजलेली माणसं खाली मान घालून बसली होती. अलका बघत राहिली. एवढी मोठी बाई, आणि तिलाही ती खुर्ची कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बिसिबेळे भाताच्या पातेल्यांकडं वळले. “तू हो पुढं,” असं सहानाला सांगून अलका आवाराच्या टोकाला, बोगादी रस्त्याकडच्या फाटकापाशी गेली आणि तिनं फोनमधला नंबर शोधला.

“तारा, मी केंद्रातली अलका मॅडम. आत्ता बोलता येईल का? घरात कोण आहे?”

“हे कामावर गेलेत. सासूबाई पडल्यात जरा. काय झालं मॅडम?”

“काही झालं नाही. तुला एक विचारायचं राहून गेलं होतं. शेवटच्या बैठकीत... तुला काय हवं होतं गं?”

पलीकडून काहीच ऐकू येईना. अलका फोन कानाशी धरून उभी राहिली. रस्त्यावरून एक बस गेली, मागोमाग दुसरी.

“मॅडम,” शेवटी तारा म्हणाली, “थांबा. दार लावून घेते.”

फोनमध्ये अनवाणी पावलं वाजली, मग कडी सरकल्याचा आवाज आला.