बंदुकीला फोडणी

त्या रविवारी बाबा अंगणात पोतं अंथरून बसले होते आणि त्यांच्यापुढे दुनळी बंदूक सुटी करून ठेवलेली होती. दस्ता एकीकडे, नळ्या एकीकडे. मी सकाळच्या एसटीनं यवतमाळहून बाभुळगावला आले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यापासून माझे रविवार असेच जात. आत आई वांगी चिरत होती. रोशन, माझा धाकटा भाऊ, अजून पांघरुणातच होता.

"बाबा, हा वास कशाचा येते?"

"कशाचा?"

"रात्रीची कढई न घासता ठेवल्यासारखा."

"नाक आईवर गेलं तुहं," ते म्हणाले आणि नळीतून चिंधी ओढत राहिले.

बाबा फौजेतून निवृत्त होऊन आले आणि कमलाकरशेठच्या जिनिंगच्या फाटकावर पहाऱ्याला लागले. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होई, आणि त्याच आवारात शेठनं सरकीचं तेल काढायचा कारखाना टाकला होता. त्या तेलाचा त्याला मोठा अभिमान. गावातल्या प्रत्येक लग्नात त्याचे डबे जात.

बाबांनी मला जवळ बोलावलं. आईच्या शिलाई मशीनच्या कुपीतून एक थेंब त्यांनी माझ्या बोटावर सोडला. "घास अंगठ्यानं. कसं लागते?"

"पातळ."

"दोन महिन्यानं पाह्यशीन तरी असंच लागन. आता हे घे." दुसऱ्या हाताच्या बोटावर त्यांनी वाटीतलं पिवळं तेल लावलं. "हे आज गुळगुळीत आहे. पंधरा दिवसात गोंद होते. कढईच्या बुडाले जे चिकटून बसते, तुही आई राखेनं घासते, तेच हे. अन जिनात तं कापसाची रुई उडते दिवसभर. ओलं तेल दिसलं का रुई येऊन बसलीच त्याच्यावर. तिथं बंदुकीले तेल पाजायचं नसते बेटा, नुसतं दाखवायचं असते."

"मंग हे कायले लावता?"

त्यांनी चिंधी पिळली. "शेठ वास घेते."

मला वाटलं ते गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. दसऱ्याला जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा होते. वजनकाटा, ट्रक, मोटारी, सगळ्यांना हळदकुंकू. शेठनं बाबांची बंदूकही टेबलावर ठेवायला लावली. आम्ही बौद्ध. बाबा पूजा करत नाहीत, ते बाजूला उभे राहिले. शेठनं कुंकू लावलं आणि मग पळीनं सरकीचं तेल थेट चापाच्या खाचेत ओतलं. म्हणाला, "आपल्या घरचं तेल. खाल्लं तरी चालते, लावलं तरी चालते. बंदुकीले नागपूरच्या तेलाचे चोचले कायले पाह्यजे?" सगळे हसले. तेव्हापासून दर सोमवारी तो फाटकावर थांबे, बंदूक हातात घेई, चापापाशी नाक नेई. वास आला नाही तर कारखान्यातून पळी मागवी आणि स्वतःच्या हातानं ओती.

"जिनाच्या बेअरिंगमधीही हेच घालते का तो?"

बाबा हसले, पण डोळे वर न करता. "तिथं डब्यातलं ग्रीस लागते. जिन बंद पडलं तं नुकसान होते ना."

माझ्या बोटांना तो वास चिकटला होता. मी हात राखेनं घासले, साबणानं धुतले, तरी नंतर जेवताना पहिल्या घासाबरोबर तो वर आला.

"बाहेरचं मी पुसून घेतो," बाबा म्हणाले. "आतल्या कळीत गेलं ते निंगत नाही. ते खोलायले कारागीर लागते. नागपूरले न्या लागन."

"मंग न्या. एक दिवसाची सुट्टी मागा."

"मागतो."

"उद्याच मागा."

"मागतो म्हटलं ना. हंगाम सरू दे." आणि वाटीतलं तेल चिंधीवर घेऊन त्यांनी ते नळ्यांवरून फिरवलं, उद्याच्या नाकासाठी. मग बंदूक जोडली, भिंतीला लावली आणि आईला विचारलं की भाजीत तिखट जास्त तर नाही ना, पोरीला चालत नाही.

संध्याकाळी ते मला सायकलवरून स्टँडवर सोडायला आले. पुढच्या रविवारी बोरं आणून ठेवतो, म्हणाले.

त्या वर्षी सरकारी खरेदी उशिरा सुरू झाली आणि भाव असा पडला की कापूस वेचायची मजुरीही निघेना. शेठच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या होत्या. माल ओला आहे, पिवळा आहे असं सांगून आत भाव आणखी पाडत, आणि बाहेर शिव्या चालत. शेठनं बाबांना दोन्ही नळ्या भरून ठेवायला सांगितलं होतं. बाबा काडतुसं खिशात ठेवणारे माणूस. त्यांनी भरली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, फाटकावर चहा आला. बाबांनी बंदूक बाकाला टेकवली आणि कपबशी घ्यायला हात पुढे केला. बंदूक घसरली, दस्ता सिमेंटवर आपटला, एका नळीतला बार सुटला आणि तो बाबांना लागला.

नीट ठेवलेली बंदूक नुसती आपटल्यानं सुटू नये. नंतर नागपूरच्या तज्ज्ञानं ती उघडली तेव्हा आत वाळलेलं तेल, कुंकू आणि रुई यांचा लगदा निघाला. त्या लगद्यामुळे घोडा रोखणारा कळीचा दात खाचेत पुरता बसतच नव्हता. तो नुसता टोकावर अडकलेला होता, एका धक्क्याची वाट पाहत.

यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत बाबा पोचले नाहीत. निरोप मिळाल्यावर मी तिथं फाटकाशी येऊन उभी होते. गाडीचं दार उघडलं तेव्हा रक्ताच्या वासाबरोबर त्या तेलाचाही वास आला. बाबांच्या हातांना होता तो. मी तोंड फिरवून गटाराकाठी ओकले. लोकांना वाटलं, रक्त पाहून.

जिनिंगचा काटा त्या दिवशी बंद झाला नाही. रोशन सांगत होता, फाटकावर दोन बादल्या पाणी मारलं आणि गाड्या आत सोडल्या.

आत्महत्या की अपघात, एवढ्यावरच गाव दोन दिवस बोललं. मग बंदुकीत काय निघालं ते कळलं आणि गावाला नवा विषय मिळाला. तो मी पानठेल्याशी ऐकला.

"देवरावनं बंदुकीले फोडणी देल्ली म्हणते."

"मंग? जिरं-मोहरी टाकली का नाही?"

"फौजीनं तडका मारला राजा, तडका!"

त्यातल्या एकाला मी दिसले. त्यानं मान खाली घातली. दुसऱ्याचं हसू आवरेना, त्यानं त्याचा खोकला केला. मी पुढे गेले. पाठीमागून कोणी तरी म्हणालं, "पोरगी होय व्हय त्याची," आणि खोकला पुन्हा हसण्यात गेला.

जलदानविधी आटोपल्यावर शेठ आला. घरात एकच खुर्ची धड होती, ती त्याला दिली. आईनं पाणी ठेवलं. पेल्याला त्यानं हात लावला नाही. त्याची नखं तेलानं चमकत होती.

"सत्यशीलाबाई, मोठं वाईट झालं," तो म्हणाला. "पण अनाडीपणा केला पाहा देवरावनं. खायचं तेल घालते का कोणी बंदुकीत? फौजी माणूस होता म्हणून ठेवला होता मी."

त्याच्या डोळ्यांची पापणीही हलली नाही. खोटं बोलताना माणूस थोडा तरी अडखळतो, असं मी आजवर समजत होते.

"झालं ते झालं. उद्या ठाण्यात जबाब आहे. तुमी इतकंच सांगा, त्याले नीट दिसत नव्हतं, घरातलं तेल चुकून घातलं. प्रकरण मिटलं. रोशनले मी फाटकावर घेतो. बंदूक मी घेऊन देतो नवी. आपल्याच घरचं पोरगं आहे."

रोशननं मान वर केली. बारावी नापास झाल्यापासून तो बसून होता. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून मला किळस आली. त्याची नाही. ते त्याच्या तोंडावर आणणाऱ्या माणसाची.

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "आई, तेल त्यानं ओतलं."

"माहीत आहे मले."

"मंग?"

"मंग काय? जिनातले सारेच होते तिथं. बोललं कोणी?"

"मी बोलतो ना," मी म्हटलं.

आईनं न प्यालेला पेला उचलला, पाणी मोरीजवळच्या चिखलात ओतलं आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. "तू सांगशीन, बाबाले माहीत होतं. मंग लोक विचारतीन, माहीत होतं तं घालू कायले देल्लं? काय सांगशीन तवा?"

मी शेठची खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली.

"तुहे बाबा कोणाले भेले नाही. बर्फात राह्यले, वरून तोफेचे गोळे पडत होते तरी जागचे हालले नाही. साऱ्या गावाले माहीत आहे." ती वळली. "अनाडी म्हणू दे लोकाइले. अनाडी माणसाले लोक चार दिवस हासते अन भुलून जाते."

तिलाही सगळं दिसत होतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात एक गोष्ट कोणी तोंडातून काढत नसे. बर्फातली गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाई. रस्त्यावर शेठची गाडी दिसली की बाबा जेवणावरून उठत, पायात चपला नसल्या तरी जिनिंगच्या फाटकाकडे धावत, ही गोष्ट कोणी सांगत नसे. आम्ही सगळे ताटाकडे पाहत जेवत राहत असू.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात खेमसिंग जमादारांनी जबाब घेतला. बंदूक टेबलावर होती, फडक्यात गुंडाळलेली. शेठ आमच्या आधीच येऊन जमादारांच्या बाजूच्या खुर्चीवर बसला होता. त्याला कोणी बोलावलं होतं की नाही, कोणी विचारलं नाही.

जमादारांनी फडकं उघडलं आणि नाक मुरडलं. "च्या मायले! भज्याचा ठेला लावल्यावानी वास येऊन राह्यला."

दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला. शेठही हसला, अगदी मनापासून, खांदे हलवून. माझे वडील जाऊन सात दिवसही झाले नव्हते आणि हा माणूस आपल्याच तेलाच्या वासावर हसत होता.  

"बोला बाई," जमादार आईला म्हणाले.

आई जमिनीकडे पाहून म्हणाली, "रोशनच्या बाबाले दिसत नव्हतं नीट."

"अन तेल?" शेठनं आठवण करून दिली.

"तेल घरातलं होतं."

जमादारांनी लिहून घेतलं. माझ्याकडे पाहिलं. "पोरीले काही सांगायचं आहे?"

"ते यवतमाळले राह्यते. तिले काय माहीत?" शेठ म्हणाला. "दिवसभर पुस्तकं मोजते."

"तेल घरातलं नव्हतं," मी म्हटलं. "शेठचं होतं. दसऱ्यापासून दर सोमवारी ते सोताच्या हातानं ओतत होते. बाबाले माहीत होतं, त्याचा गोंद होते म्हणून. रविवारी त्याइनं मले दोन तेलं बोटावर घासून दाखवली. कोणतं चालते, कोणतं नाही, सारं समजत होतं त्याइले."

रोशननं माझं मनगट पकडलं. मी सोडवलं नाही, पण थांबलेही नाही. कोणतं तेल, किती, कधीपासून, सगळं सांगितलं.

शेठ रागावला नाही. तो खुर्चीत मागे रेलला आणि माझ्याकडे लहान मुलीकडे पाहावं तसं पाहू लागला. "असं? समजत होतं? मंग 'नाही' काहून म्हटलं नाही त्यानं? फौजी होता ना? बंदूक त्याची, परवाना त्याचा, तोंड त्याचं. मी काय हात धरले होते का त्याचे?"

जमादारांचा पेन थांबला. त्यांनाही उत्तर हवं होतं. प्रश्न खोटा नव्हता, हीच त्यातली सगळ्यात घाण गोष्ट होती.

"मैत्रेयी," आई म्हणाली. "गप. माय, गप बस."

तिच्या आवाजात विनवणी होती. ती शेठसाठी नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ते भेत होते," मी म्हटलं.

मग पुन्हा म्हटलं, आता जमादारांकडे पाहून. "लिहून घ्या. माह्या बाबाले बंदुकीचं सारं समजत होतं. अन ते या माणसाले भेत होते. बर्फात नाही भेले, तिथं गोळ्याइले नाही भेले. याले भेत होते. एक दिवसाची सुट्टी मागायले भेत होते. आमाले घरात साऱ्याइले दिसत होतं, अन आमी कोणीच कधी बोललो नाही. माहे बाबा भेत होते."