इत्यादी

कागद वाचल्याशिवाय तिनं आयुष्यात कधी काही केलं नव्हतं. औषधाच्या बाटलीसोबत घडी घालून येतो तो मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचा कागद ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि मग मुलीला अर्धा चमचा द्यायचा की नाही यावर तासभर विचार करायची. नवरा म्हणायचा, "हिला लिफ्टमधली सूचनासुद्धा पाठ आहे. किती माणसं, किती किलो, सगळं."

"असू दे," ती म्हणायची. "अडकशील तेव्हा मलाच विचारशील."

आणि अडकली तीच. तेही कागद वाचल्यामुळं.

छकुली झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली होती. बाळ झोपलं की हात रिकामे आणि डोकं भरलेलं. श्वास चालू आहे ना, पांघरूण तोंडावर गेलं नाही ना, दर पाच मिनिटांनी बघायचं. मग त्या हातांना काम म्हणून तिनं जुन्या कापडाचं एक बदक शिवलं. पंखाला आकार जमेना. बाळ नऊ दिवसांचं होतं. दवाखान्याच्या फाइलीचा मागचा पुठ्ठा तिनं कापला, बाळाचं पाऊल त्यावर अलगद टेकवलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. टाच बदकाच्या खांद्याशी, पाच बोटं म्हणजे पंखाची पाच टोकं. एका बोटाशी रेघ हलली होती, कारण बाळानं पाय ओढून घेतला होता. तो पंख इतका साजरा दिसला की शेजारणीनं बदक मागितलं, शेजारणीच्या बहिणीनं मागितलं, आणि बघता बघता घरातलं जेवणाचं टेबल दिवसा शिवणाचं टेबल झालं. बदकामागून ससा आला, हत्ती आला, कासव, घुबड, उंट. अकरा प्राणी, अकरा पुठ्ठ्याचे साचे, भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्यानं ओवलेले.

मग खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मॅडम घरी आल्या. अत्तराचा वास, हातात गुळगुळीत फाइल. पाच वर्षांचा चार पानी करार पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "सावकाश वाचा. घाई नाही."

तिनं तीन दिवस वाचला. खुणा करत, शब्दकोश उघडून. पहिल्या पानावर होतं, 'ससा, हत्ती व कासव ही खेळणी बनवणाऱ्या व्यक्तीने फक्त दुकानालाच द्यावीत.' तिथं तिची पेन्सिल थांबली. फक्त तीनच? आणि उरलेली आठ घेतलीच नाहीत तर? उद्या म्हणतील, आम्ही उंट कुठं मागितला होता? हातावर पोट असलेल्या माणसाला नसते एवढी भीती शिकल्या-सवरल्या माणसाला असते. चौथ्या दिवशी मॅडमसमोर तिनं आपलं शाळेतलं बक्षीस मिळवलेलं अक्षर काढलं आणि 'कासव' या शब्दापुढं लिहिलं: इत्यादी.

मॅडमनी ते वाचलं, क्षणभर थांबल्या आणि हसल्या. "तुम्ही फारच बारकाईनं वाचता हो." दुरुस्तीपाशी दोघींनी सही केली. साक्षीदार म्हणून नवऱ्यानं केली. त्या दिवशी ती घरात उगाचच ताठ चालत होती.

वर्ष बरं गेलं. ससे गेले, हत्ती गेले. बदक दुकानानं कधी मागितलं नाही, म्हणून ती बदकं आपली आपण विकायची. मग जवळच्या बालवाडीच्या बाईंनी दर मुलामागं एक अशी चाळीस बदकं सांगितली. चाळीस! तिनं मनातल्या मनात पुढचं सगळं मांडलं होतं. करार संपला की दुकान नको, कुणाची फाइल नको. बदकावर उभं राहायचं, आपल्या नावानं. अठरा बदकं तयार झाली होती आणि एकोणिसाव्याचा पंख अर्धा शिवलेला होता, तेव्हा दुकानाचं पत्र आलं.

पत्र तिनं पाच वेळा वाचलं आणि मग मामाकडं गेली. तिच्या आईचा हा भाऊ. पस्तीस वर्षं कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसलेला, लोकांचे अर्ज, करार, माफीनामे लिहून दिलेला. घरात सगळे त्याला कागदमामा म्हणत.

मामानं चष्मा कपाळावर चढवला आणि करार नाकाशी धरला. चारही पानं उलटली. मग म्हणाला, "काय म्हणणं आहे त्यांचं?"

"बदकं आता ते मशिनवर करणार, म्हणून कलम सात लावलंय. मी बनवायची नाहीत, विकायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत. आणि साचे मागितलेत. सगळे. मूळ. प्रत न ठेवता. मामा, बदक करारात कुठंच नाही हो! ससा आहे, हत्ती आहे, कासव आहे..."

"आणि हे काय आहे?" मामाचं बोट त्या शब्दावर टेकलं.

"ते... ते मी लिहिलं."

"तू?"

"त्यांनी सगळी खेळणी घ्यावीत म्हणून."

"अगं, वाक्य बघ की! 'त्यांनी घ्यावीत' कुठं म्हटलंय? 'हिने फक्त यांनाच द्यावीत' म्हटलंय. तुला वाटलं दार त्यांच्या बाजूनं उघडतंय. ते तुझ्या बाजूनं बंद होतं." मामानं चष्मा खाली घेतला. "पस्तीस वर्षांत मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो. ज्या शब्दाला शेवट नाही, तो सहीच्या वर ठेवू नये. बदक, घुबड, उंट, उद्या तुझ्या डोक्यात येईल तो गेंडा, सगळं यात बसलं. आणखी चार वर्षं."

"भांडता येणार नाही?"

"येईल. भांडायला काय, माणूस वाऱ्याशीही भांडतो. पण समोरचा कागद दाखवील आणि विचारील, हे अक्षर कुणाचं?" त्यानं करार तिच्या हातात परत दिला, हळू, जसं तापलेलं भांडं द्यावं तसं. "अक्षर मात्र सुंदर आहे गं तुझं."

तो चिडवत नव्हता. म्हणूनच तिला रडू आलं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "देऊन टाक," म्हणाला. "पुठ्ठेच आहेत."

"त्यातला एक नुसता पुठ्ठा नाहीये."

"मग काय आहे?"

तिनं सांगितलं नाही. इतकी वर्षं तो साचा भिंतीवर होता आणि त्यानं पंखाची बोटं कधी मोजली नव्हती.

बालवाडीच्या बाईंना तिनं फोन केला. त्या म्हणाल्या, "अगंबाई, असं कसं? मुलांना सांगून ठेवलंय मी." ती माफी मागत राहिली. अठरा बदकं पिशवीत घालून पलंगाखाली सरकवली, चोरीचा माल ठेवावा तशी.

दुकानाचा माणूस दुपारी आला. उन्हानं लाल झालेला, शर्टाची वरची गुंडी लावलेला कारकून. सारखा "ताई, माफ करा हं" म्हणत होता. तिनं खिळ्यावरून साचे काढले आणि टेबलावर मांडले. तो यादी बघून एकेक पाकिटात घालू लागला. ससा. हत्ती. कासव. घुबड.

छकुली खुर्चीवर चढून बघत होती. चार वर्षांची. तिनं बदकाच्या पंखाचा साचा उचलला, खाली उतरून जमिनीवर ठेवला आणि त्यावर आपलं पाऊल टेकवलं. बोटं पुढून बाहेर आली, टाच मागून.

"आई, हा कुणाचा पाय आहे?"

कारकुनाचा हात थांबला. त्यानं साच्याकडं पाहिलं, मुलीच्या पायाकडं पाहिलं, मग तिच्या आईकडं. घसा खाकरून म्हणाला, "ताई, फार ऊन आहे बाहेर. मी जरा आत जाऊन पाणी पिऊन घेतो. दोन पेले लागतील मला. वेळ लागेल."

तो स्वयंपाकघरात गेला आणि उगाचच नळ मोठा सोडला.

टेबलावर कोरा कागद होता. पेन्सिल तिच्या हातातच होती. एक रेघ काढायची, बस. टाच, पाच बोटं, आणि ती हललेली जागा. तिनं साचा कागदावर ठेवला. आणि तिला सगळं दिसायला लागलं: हा माणूस उद्या बोलला तर, मॅडमना कळलं तर, दुसरं पत्र, नवऱ्याची साक्षीदाराची सही, छकुलीच्या शाळेत कुणी येऊन विचारलं तर. 'प्रत ठेवू नये.' कलम सात. आतला नळ वाहत होता. तिची पेन्सिल कागदाला टेकली, एक ठिपका उमटला आणि तिथंच राहिली.

नळ बंद झाला. तो तोंड पुसत आला, जरा थांबून म्हणाला, "झालं?"

"झालं," ती म्हणाली, आणि पंख त्याच्या हातात दिला.

त्यानं पावती लिहिली: 'पुठ्ठ्याचे साचे, नग अकरा, इत्यादी मिळाले.'

"इत्यादी खोडा," ती म्हणाली.

"अहो, सवयीनं पडतं ते. त्याला काही अर्थ नसतो."

"खोडा."

त्यानं खोडलं, बाजूला सही केली, आणखी एकदा माफ करा म्हणाला आणि जिना उतरून गेला. भिंतीवर खिळा आणि त्याला लोंबणारा दोरा राहिला.

थोड्या वेळानं छकुली आपलं बदक घेऊन आली. पहिलं, जुन्या कापडाचं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. "आई, पंख सुटला. शिव ना."

तिनं सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली. मग सुई तशीच धरून उठली आणि कपाटातून करार काढला. 'बनवणे, विकणे, देणे'. दुरुस्ती? दुरुस्ती म्हणजे बनवणं धरतात का? तिनं पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं, ओळीखाली नख फिरवत.

"आई, शिव ना."

"थांब गं, वाचतेय."

छकुली बरीच थांबली. मग खणातून चिकटपट्टी काढली, दातानं तोडली आणि पंख आपला आपणच चिकटवला. उलटा. बोटं मागं, टाच पुढं.