पस्तिशीचा खांब

“या भागातल्या बायका पस्तिसाव्या वर्षी सगळ्यात जास्त आजारी पडतात, असं आपलं एआय म्हणतंय,” पडद्यावरच्या आलेखातल्या उंच खांबाकडे बोट दाखवत डॉ. मोहिनी म्हणाल्या. “कशामुळे?”

मेडिकलच्या पोरांचा हात वर व्हायला उत्तर ठाऊक असावंच लागतं असं नाही. कुणी रक्तक्षय म्हणालं, कुणी ऊसतोडीचे कष्ट. हरिओमने तर संप्रेरकांवर छोटंसं भाषणच ठोकलं.

जुनी रजिस्टरं घेऊन दाराशी उभ्या असलेल्या सत्यशीलाबाईंनी तो खांब ओळखला. बावीस वर्षं त्या केसपेपरच्या खिडकीत बसत होत्या, आणि एआयला शिकवायला त्यांच्याच नोंदी वापरल्या होत्या. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात हे एआय ओपीडीत लागणार होतं. पन्नाशीच्या बाईला पस्तिशीची समजून त्याने घरी पाठवलं तर? त्यांना राहवेना.

“म्याडम, ते आजारपण न्हाई. ते मी हाय.”

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

“वय इचारलं की बाया म्हणत्यात, लिवा तुमच्या मनानं. मागं ही लांब रांग. मी पस्तीस लिवायचे. केस पांढरे दिसले की साठ. तो पल्याडचा खांब बी माझाच.”

“लेखी द्यावं लागेल, बाई. चौकशी होईल.”

“देते की. चुकलं ते चुकलं.”

लाज तर वाटलीच. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले आणि तिथेच कागद मागितला.

मॅडमनी पुढचा तास खिडकीपाशीच ठेवला. त्या सकाळी सत्यशीलाबाईंच्या हाती चौकशीचा मेमो पडला होता. तो ड्रॉवरमध्ये सारून त्यांनी खिडकी उघडली. मागे पोरं वह्या घेऊन उभी होती.

शिरूर कासारहून आलेली साखराबाई पुढे सरकली. चालताना दम लागतो म्हणाली.

“वय?”

“लिवा की तुमच्या मनानं.”

“न्हाई लिवणार. बहात्तरच्या दुष्काळात कुठं होता तुमी?”

“झोळीत. माय खडी फोडायची, मला झाडाला टांगून.”

“किल्लारीच्या भूकंपात?”

“थोरली पाच वर्साची, धाकटा अंगावर पीत हुता.”

“आवरा की बाई,” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“थांबा जरा,” मान वर न करता सत्यशीलाबाई म्हणाल्या. हरिओमने वहीत हिशेब मांडला आणि आकडा सांगितला. त्यांनी तो केसपेपरवर लिहून कागद पुढे सरकवला.

“चौपन्न,” साखराबाई कागदाकडे बघत राहिली. “आजवर कुणी सांगितलंच न्हाई.”